दोनदा गिरवलेली अक्षरं

तिसरीचं अर्धं वर्ष सरलं होतं. लेकीच्या वह्या मी रोज बघत नाही, पण त्या संध्याकाळी भाषेची वही सहज हातात आली आणि पान उलटताना बोटांना काहीतरी लागलं. पानाच्या मागच्या बाजूला अक्षरं उमटली होती, नुसता हात फिरवला तरी कळावीत अशी. पुढची बाजू पाहिली. प्रत्येक अक्षर काळंभोर. एकदा लिहिलेलं, मग त्याच्यावरूनच पुन्हा गिरवलेलं. पूर्णविरामाचे ठिपकेसुद्धा कोरून कोरून मोठे केलेले. मागची पानं चाळली, तर महिनाभराची सगळी तशीच.

मला वाटलं, बाईंनी अक्षर ठळक काढायला सांगितलं असेल. विचारलं तर म्हणाली, "नाही गं. माझं लिहून लवकर होतं ना, मग मी परत त्याच्यावरूनच गिरवते. वेळ जातो."

"मग बाईंना सांगत का नाहीस, झालं म्हणून?"

"सांगितलं की त्या अजून एक वर्कशीट देतात. तसलंच असतं ते. नाहीतर मग बाकीच्यांना मदत करायला सांगतात." थोडं थांबून म्हणाली, "मला सारखं मदत करायला नाही आवडत. त्यांनाही नाही आवडत."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, हेच मला जास्त लागलं. ऊन लागतं म्हणून आपण सावलीच्या बाजूने चालतो, तितक्या सहज तिने स्वतःपुरता मार्ग काढला होता. आठ वर्षांची मुलगी रोज तास-दीड तास वेळ ढकलायला शिकली होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. प्रगतिपुस्तकात तर सगळीकडे ‘उत्तम’. उत्तम असतं तिथे कोण थांबून बघतं?

त्यानंतर काही दिवसांतच पत्र आलं. बाईंनी आधी तिचं नाव सुचवलं होतं, आम्ही संमतीपत्रावर सही केली होती, तिने दोन सकाळी बसून कसल्याशा चाचण्या दिल्या होत्या आणि मग ती गोष्ट आम्ही जवळजवळ विसरून गेलो होतो. पत्रात लिहिलं होतं की चौथीपासून तिला गिफ्टेड प्रोग्रॅममध्ये, म्हणजे प्रज्ञावान मुलांच्या वेगळ्या वर्गात, जागा मिळू शकते. तो वर्ग दुसऱ्या शाळेत भरतो. हो की नाही, ते पाच आठवड्यांत कळवायचं.

पहिल्या क्षणी अभिमान वाटला. पत्र मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना पोटात गोळा आला आणि तो पुढचे पाच आठवडे तिथून हलला नाही.

घरात मतं पडायला वेळ लागला नाही. सासूबाई म्हणाल्या, "पोर आहे तिथे सुखात आहे. मैत्रिणी आहेत, बाई चांगल्या आहेत. रुजलेलं रोपटं कशाला उपटता?" नवऱ्याचं दुखणं वेगळं होतं. त्याच्या लहानपणी त्याचा थोरला भाऊ ‘हुशार’ होता आणि हा ‘दुसरा’. कोणी वाईट वागवलं नाही, कोणी टोचून बोललं नाही, फक्त पाहुणे आले की आधी थोरल्याचे मार्क विचारले जायचे. आज दोघंही आपापल्या जागी नीट आहेत, पण तो म्हणतो की घरातल्या एका मुलाच्या कपाळावर शिक्का मारला की दुसऱ्याच्या कपाळावर न मारताच उमटतो. आणि आमच्याकडेही एक धाकटा आहे. पहिलीत आहे, अजून एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचतो आणि वाचून झालं की वर बघून हसतो.

मी मात्र त्या वहीपासून हटायला तयार नव्हते.

पत्रात एक आकडा होता. सुरुवातीला आम्ही दोघांनी त्यालाच धरून वाद घातला आणि त्यात आठ दिवस घालवले. बुद्ध्यंकाच्या चाचण्या अशा बांधलेल्या असतात की सरासरी 100 यावी, आणि प्रमाण विचलन, म्हणजे मुलांचे गुण सरासरीपासून साधारण किती लांब पसरतात त्याचं माप, बहुतेक चाचण्यांत 15 असतं. म्हणजे 130च्या वर साधारण शंभरातली दोन मुलं पडतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी रेषा तिथेच ओढतात. आमच्या लेकीचा आकडा त्या रेषेच्या जरासाच वर होता. पण मोजमापात चूक धरलेलीच असते. असा आकडा पाच-सहा गुण अलीकडे-पलीकडे धरूनच वाचायचा असतो. आदल्या रात्री नीट झोप झाली नसती, चाचणी घेणाऱ्या अनोळखी माणसापुढे ती बुजली असती, तर तीच मुलगी 127वर थांबली असती आणि हे पत्र आलंच नसतं. वही मात्र तशीच राहिली असती.

या चाचण्या मुळात कशासाठी निघाल्या तेही मी त्या दिवसांत वाचून काढलं. 1905 साली फ्रान्समध्ये आल्फ्रेद बिने आणि थिओडोर सिमोन यांनी पहिली अशी चाचणी केली, ती शाळेत मागे पडणारी, वेगळ्या मदतीची गरज असलेली मुलं ओळखायला. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेली आणि कधीच न हलणारी गोष्ट आहे, असं मानायला बिनेचा ठाम विरोध होता. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लुईस टर्मनने 1916 साली ती चाचणी नव्याने बांधली आणि 1921पासून तिच्या आधारे कॅलिफोर्नियातली दीड हजारावर अतिहुशार मुलं निवडून जन्मभर त्यांचा मागोवा घेतला. त्या निवडीत चाचणी देऊनही दोन मुलगे बसले नव्हते: विल्यम शॉक्ली आणि लुईस अल्वारेझ. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, एकाला 1956मध्ये, दुसऱ्याला 1968मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत एकही नोबेल नाही.

हे वाचून मी थोडी सैल झाले. नंतर 2006 सालचं डेव्हिड लोमन आणि कॅटरिना कॉर्ब यांचं काम वाचलं. प्राथमिक शाळेत एका वर्षी अगदी वरच्या टोकाला दिसलेली बहुसंख्य मुलं एक-दोन वर्षांनी त्या टोकाला राहत नाहीत, असं त्यांना दिसलं. मुलं बुद्धू होत नाहीत, फक्त वाढ सरळ रेषेत होत नाही. कोणी लवकर धावतं आणि मग दम खातं, कोणी उशिरा उठतं. मग आठव्या वर्षी ‘ही प्रज्ञावान आहे’ असं म्हणणं म्हणजे आजच्या उंचीवरून पुढचे सगळे कपडे शिवून ठेवण्यासारखं झालं.

त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, "ती प्रज्ञावान आहे की नाही, हे आपण सोडूनच देऊ. तिला आत्ता काय मिळत नाहीये, तेवढं बघू." तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ती वही आण बरं."

त्याने त्या पानावर हात फिरवला. काही बोलला नाही.

मैत्रिणीबद्दल लिहायलाच हवं. लेकीची एक जिवाभावाची मैत्रीण आहे, बालवर्गापासून एका बाकावर बसणारी. अबोल मुलगी, तिच्या घरी वेगळीच भाषा बोलतात. मी तिला आमच्या घरी कोडी सोडवताना पाहिलंय. माझी लेक धडाधड तीन उत्तरं फेकते, त्यातलं एखादं बरोबर निघतं. ती मैत्रीण कोड्याकडे नुसती बघत बसते आणि मग एकच उत्तर देते, बहुतेक वेळा बरोबर. तिचं नाव कोणी सुचवलं नाही. तिच्या आईला अशी काही चाचणी असते हेच माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्या वर्षीची मुदत निघून गेली होती. ती म्हणाली, "असू दे हो, आमची कुठे एवढं बोलते."

हा एकट्या आमच्या वर्गातला प्रकार नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका मोठ्या शाळा-जिल्ह्यात पूर्वी शिक्षक किंवा पालक सुचवतील त्याच मुलांची चाचणी व्हायची. मग त्यांनी दुसरीतल्या सगळ्यांचीच प्राथमिक चाचणी घ्यायला सुरुवात केली, आणि निवडलेल्यांत गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिश बोलणाऱ्या देशांतून आलेल्या घरांतली, मुलं एकदम वाढली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी 2016मध्ये हे मांडलं. मुलं तीच होती. आधी त्यांच्याकडे कोणी बघितलं नव्हतं. माझ्या लेकीकडे बघितलं गेलं, कारण ती बोलकी आहे आणि तिच्या आईला फॉर्म वाचायची सवय आहे. हे कळल्यावर मिळालेली जागा घेताना मला अवघडल्यासारखं झालं, आजही होतं. मी नाही म्हटल्याने ती जागा त्या मैत्रिणीला मिळाली नसती, हे खरं. पण तेवढ्याने मन स्वस्थ होत नाही. पुढच्या वर्षीची मुदत मी तिच्या आईला आधीच सांगून ठेवली, फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला. अजून उत्तर यायचंय.

आता माझं स्वतःचं सांगते, कारण या निर्णयात माझं लहानपण मधे मधे येत होतं आणि ते मी नवऱ्यापासूनही बरेच दिवस लपवलं.

शाळेत मी ‘हुशार’ होते. मला अभ्यास करावा लागायचा नाही, आणि घरातले, शिक्षक, शेजारी, सगळे हे कौतुकाने सांगायचे: "ती पुस्तक उघडत नाही हो, तरी पहिली!" दहावीपर्यंत हे चाललं. अकरावीत गणितात पहिल्यांदा असं झालं की फळ्यावरचं वाचलं आणि काहीच लागलं नाही. आजूबाजूची मुलं कच्च्या वहीत खरडत होती, चुकत होती, पुन्हा करत होती. मला ते करताच येत नव्हतं. मला वाटलं, आजवर सगळ्यांना फसवलं, आता पकडली गेले. घरी येऊन पुस्तक मिटलं. पुढच्या वर्षी गणित सोडलं. माझं गणित वाईट नव्हतं, हे मला चाळिशी गाठताना कळलं. अडलं की काय करायचं असतं, हे मला दहा वर्षांच्या शाळेत एकदाही शिकायला लागलं नव्हतं, एवढंच.

1998मध्ये क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी पाचवीतल्या मुलांवर काही प्रयोग केले. सोपी कोडी सोडवून झाल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ म्हटलं, काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ म्हटलं. मग निवडायला दिलं, तर हुशारीचं कौतुक ऐकलेल्यांनी सोपं काम जास्त पसंत केलं. नंतर मुद्दाम अवघड कोडी देऊन हरवलं, तर त्यांचाच रस आधी गेला आणि पुढची कामगिरीही घसरली. एका वाक्याने एवढं होत असेल, तर दहा वर्षांच्या वाक्यांनी काय होत असेल? मी ते वाचताना उठून गॅलरीत जाऊन उभी राहिले.

म्हणून माझी भीती दुहेरी होती. तिथेच ठेवलं तर ती गिरवत राहील आणि कधी न अडता मोठी होईल, माझ्यासारखी. हलवलं तर ‘गिफ्टेड’ हा शब्द तिच्या दप्तराला लटकेल, आणि तोही माझ्यासारखाच.

आहे त्या शाळेतच काही करता येईल का, हे आधी पाहिलं. मुलांना पुढे नेण्याचे मार्ग पुष्कळ असतात. अमेरिकेत 2004 साली निघालेल्या एका मोठ्या अहवालात अशा तऱ्हेचे 18 प्रकार दिले होते: अख्खी इयत्ता ओलांडणं, एकाच विषयासाठी वरच्या वर्गात जाऊन बसणं, आधीच येत असलेला भाग गाळून पुढचं देणं. गणिताच्या तासाला तिला चौथीत बसू द्याल का, असं मी विचारलं. बाई तयार होत्या. पण दोन वर्गांचे गणिताचे तास एका वेळी नव्हते आणि एका मुलीसाठी वेळापत्रक हलणार नव्हतं. बाईंनी आपल्या परीने प्रयत्न केला, दर आठवड्याला वेगळी कोडी आणायला लागल्या. पण वर्गात तीस मुलं, त्यांतल्या सहा-सातांना अजून वजाबाकीत हातचा घेणं जमत नव्हतं. बाईंनी त्यांच्याकडे आधी बघायचं नाही तर कोणाकडे? मला त्यांचा राग कधी आला नाही. त्या एकदा म्हणाल्या, "तुमच्या मुलीला मी लागत नाही, म्हणून ती माझ्या वाट्याला येत नाही." मला वाटतं, निम्मा निर्णय त्या वाक्याने केला.

1920 आणि 30च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये अशा मुलांसोबत काम करणाऱ्या लेटा हॉलिंगवर्थ यांनी लिहून ठेवलंय की ज्यांचा बुद्ध्यंक 140च्या आसपास आहे अशा मुलांचा साध्या वर्गात निम्मा वेळ वाया जातो. माझी लेक त्या आकड्याच्याही खाली आहे. तरीही मला ती काळी अक्षरं दिसली.

नवऱ्याने दुसरी बाजू काढली, आणि ती कच्ची नव्हती. हर्बर्ट मार्श या संशोधकाने 1980च्या दशकात दाखवून दिलं होतं की सारख्याच कुवतीची दोन मुलं घेतली आणि एकाला हुशार मुलांच्या वर्गात ठेवलं, तर त्याचं स्वतःबद्दलचं मत उतरतं. मूल स्वतःला शेजाऱ्याशी ताडून बघतं. पुढे अनेक देशांत हेच दिसलं. आणि 2014च्या एका अभ्यासात, अमेरिकेतल्या एका मोठ्या जिल्ह्यात रेषेच्या जरासं वर असल्याने आत गेलेली मुलं आणि जरासं खाली असल्याने बाहेर राहिलेली मुलं ताडून पाहिली, तर दीड-दोन वर्षांनी परीक्षेच्या गुणांत फरक नव्हता. आत गेलेल्यांचा वर्गातला क्रमांक मात्र घसरला होता. "आपली लेक रेषेच्या जरासं वरच आहे," तो म्हणाला. "हे तिच्याबद्दलच लिहिलंय."

मी त्याला उत्तर देऊ शकले नाही. गुणांसाठी आपण हे करतच नाही, एवढंच म्हटलं. गुण तिला तिथेही होते.

चौथ्या आठवड्यात आम्ही तो वर्ग बघायला गेलो. चौघंही, कारण धाकट्याला ठेवायला त्या दिवशी कोणी नव्हतं. धाकटा आत शिरल्या शिरल्या खिडकीपाशी गेला. तिथे मोठाली चुंबकं मांडलेली होती, त्याच्या तळहाताएवढी, आणि तो तिथून हललाच नाही. लेक माझ्या मागे अर्धी लपून उभी राहिली.

मुलं गटागटाने बसली होती. आमच्या सगळ्यात जवळच्या टेबलावर एक मुलगा एकटाच एका प्रश्नाशी झुंजत होता. त्याने लिहिलं, खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. खोडरबराची भुकटी टेबलावर पसरली होती. तिसऱ्या-चौथ्या वेळी कागद फाटला. त्याने मान खाली घातली, डोळे भरून आले होते. बाई येऊन शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी उत्तर सांगितलं नाही, ‘शाब्बास’ही म्हटलं नाही. फाटलेल्या कागदाखाली दुसरा कागद सरकवला आणि विचारलं, "कुठपर्यंत पटलं होतं तुला?" त्याने बोट ठेवलं. "मग तिथून," म्हणाल्या आणि बसून राहिल्या. बराच वेळ. त्या वेळात बाकीचा वर्ग आपापलं करत होता.

नंतर मी त्या बाईंना बरंच काही विचारलं. गृहपाठ दुप्पट असतो का? "जास्त काम आणि वेगळं काम यात आम्ही गल्लत करत नाही," असं त्या म्हणाल्या. रमली नाही तर? पहिल्या सत्रानंतर बोलू, वर्षाअखेरी परत जाता येतं. वर्गात कोणी स्वतःला गिफ्टेड म्हणतं का? त्या जरा थांबल्या. "मुलं सहसा म्हणत नाहीत. पालक म्हणतात."

घरी येताना लेक गप्प होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "आई, त्या मुलाला येत नव्हतं."

"हो."

"आणि कोणी काहीच बोललं नाही."

"नाही बोललं."

पुन्हा बराच वेळ गप्प. मग तिने विचारलं, "तिथे लवकर झालं तर काय करतात?" मी म्हटलं, "मला वाटतं, तिथे सारखं लवकर होत नसावं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. नवऱ्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी आमचं ठरलं होतं, शब्दांत यायला आणखी चार दिवस लागले.

तिला ‘जायचंय का’ असं सरळ आम्ही विचारलं नाही. यावर पुष्कळजण रागावतील, पण आठ वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर तेवढं ओझं मला ठेवायचं नव्हतं. उद्या बिनसलं तर ‘तूच म्हणाली होतीस’ हे वाक्य या घरात कोणाच्या तोंडून निघायला नको होतं. आम्ही तिचं ऐकलं, मग आमचं आम्ही ठरवलं आणि तिला सांगितलं. ती रडली. मैत्रीण, बाक, दारातली पायरी जिथे त्या दोघी बसतात, सगळ्यासाठी रडली. मीही तिच्याबरोबर रडले. ‘तू हुशार आहेस म्हणून’ असं तिला सांगायचं नाही, हे नवऱ्याने आणि मी आधीच ठरवलं होतं. "तिथे तुला अडेल असं काहीतरी मिळेल म्हणून," असं सांगितलं. तिला ते विचित्र वाटलं असणार.

पहिले तीन महिने जड गेले. मार्शचं म्हणणं आमच्या घरात येऊन राहिलं, असंच म्हणायला हवं. इथे ती मधोमध होती. गणितात तर मधल्याहून खाली. एका रात्री दिवा मालवल्यावर अंधारातून आवाज आला, "आई, मी आता हुशार नाही का?" माझ्या तोंडाशी आलं होतं की आहेस गं, खूप आहेस. ते मी गिळलं. म्हटलं, "आज काय अडलं ते सांग." तिने अपूर्णांकांचं काहीतरी सांगितलं. मलाही ते पटकन सुटेना. आम्ही उठलो, दिवा लावला आणि जमिनीवर कागद पसरून बसलो. अकरा वाजले. सुटलं नाही. तशाच झोपलो. सकाळी दात घासता घासता ती ओरडली, "कळलं!" आणि तोंडातल्या फेसासकट सांगायला आली. मला त्यातलं अर्धंच समजलं.

हे लिहिताना मला ‘आमचा निर्णय बरोबर ठरला’ असं म्हणायचं नाही. वर्ष अजून संपायचंय. मधल्या सुट्टीत ती कधी कधी एकटी असते. मैत्रीण शनिवारी येते, पण दोघींच्या बोलण्यात आता अनोळखी नावं येतात आणि एक बोलते तेव्हा दुसरी जरा थांबते. ते मला दिसतं, टोचतं. वही मी बघते. तिची अक्षरं आता फिकी आहेत, घाईची, जागोजागी खोडलेली. अक्षर बिघडलं, असं सासूबाई म्हणतात. खरंच बिघडलंय.

धाकट्याचं सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी तो दुसरीत जाईल आणि त्याच्याही वर्गात चाचणीचा फॉर्म येईल. परवा त्याने स्वतःहून विचारलं, "मी पण देणार ना ती परीक्षा?" मी हातातलं काम ठेवून त्याच्याजवळ बसले. मला वाटलं, आलं ते शेवटी, नवरा म्हणत होता ते. "तुला का द्यायचीय?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"त्यांच्याकडे मोठी चुंबकं आहेत."

दुसऱ्या दिवशी मी चुंबकं आणली, त्याच्या तळहाताएवढी, दोन. तो तेव्हापासून घरातल्या प्रत्येक वस्तूला ती लावून बघतोय आणि कशाला चिकटतात, कशाला नाही, ते बोट ठेवत ठेवत एका कागदावर लिहितोय. फॉर्मबद्दल आम्ही अजून काही बोललेलो नाही.